मणक्याच्या गादीची गॅरंटी मी का देत नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या कमरेच्या गादीसाठी आमच्याकडे आलात, तासभर प्रश्न झाले, आणि 'पायाचा अंगठा नीट वर उचलला जात नाही एवढ्याशा कारणावरून' मी त्यांना ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं. आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी बंद केल्या नाहीत. शहरात दुसरीकडे तीन महिन्यांत गादी जागेवर बसवून देण्याची गॅरंटी मिळते, ती मी दिली नाही. 'मग होमिओपॅथीचा बोर्ड कशाला लावलाय?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. केसपेपरमधलं काही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं मांडलंत, तेवढ्याबद्दलच बोलते.

आधी अंगठ्याचं, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आली की बहुतेक वेळा तिथून खाली पायात जाणारी पाचवी शीर दाबली जाते. पायाचा अंगठा वर उचलणारा स्नायू मुख्यतः याच शिरेवर चालतो. म्हणून मी कमरेच्या प्रत्येक पेशंटला टाचांवर चालायला लावते, चवड्यांवर चालायला लावते, अंगठा माझ्या बोटाच्या विरोधात वर ढकलायला सांगते. नुसतं दुखणं, चमका, मुंग्या असतील तर थांबून बघायला वेळ असतो. ताकद कमी होत असेल तर तो वेळ आपल्या हातात नसतो. पुढे पंजाच लोंबायला लागतो, चालताना पाय अडखळतो. आणि घरच्यांना फसवणारी गोष्ट अशी की शीर जास्त बिघडत चालली तरी कधी कधी दुखणं कमी होतं. 'आराम पडला' म्हणून सगळे निर्धास्त होतात. अशा पायावर साबुदाण्याच्या गोळ्या देऊन 'पंधरा दिवसांनी या' म्हणणं मला जमणार नाही. कुठल्याही फीसाठी नाही.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर आमच्या क्लिनिकला फोनसुद्धा करू नका. रात्रीचे दोन वाजलेले असोत, मणक्याचं ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलात थेट जा. तिथे काही तासांचा उशीरही आयुष्यभराचं नुकसान करू शकतो.

आता गॅरंटीचं. बाहेर आलेली गादी कुठलीही गोळी आत ढकलत नाही, माझी नाही आणि दुसऱ्या कुणाचीही नाही. पण बाहेर आलेला तो तुकडा अनेकदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा, तुटून पडलेला तुकडा तर बरेचदा जास्त आटतो. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय बरंच उतरतं. तेव्हा तीन महिन्यांची गॅरंटी देणाऱ्याला फारसं काही करावंच लागत नाही, काम निसर्ग करतो. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ असलेले २८३ रुग्ण त्यात होते. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, काहींना औषध-व्यायामावर ठेवून वाट पाहिली. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे वाटत असल्याचं सांगत होते. ऑपरेशनवाल्यांना आराम मात्र लवकर मिळाला, आणि वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून मी 'ऑपरेशन टाळून देते' असं कधी म्हणत नाही. काहींना ते टाळता येतं, काहींनी ते टाळू नये.

होमिओपॅथीबद्दलही स्पष्ट बोलते, कारण पेशंटला हे माझ्याकडूनच कळावं. मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवीधर आहे, औषध निवडताना आम्ही लक्षणं बघतो. उठताना कंबर धरते पण चाललं की सैल होते, तिथे रस टॉक्सचा विचार होतो. जराशा हालचालीनेही दुखतं, तिथे ब्रायोनियाचा. पण ३० पोटेन्सीच्या, म्हणजे तीस वेळा पातळ करत नेलेल्या औषधात मूळ द्रव्याचा कणही उरलेला नसतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून, कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं म्हटलं. माझ्याकडे बरं वाटलेले पुष्कळ पेशंट आहेत. त्यात गोळीचा वाटा किती, काळाचा किती, व्यायामाचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. म्हणूनच ही औषधं मी जोडीला देते, कशाच्या ऐवजी देत नाही.

आधीच्या गोळ्या बंद न करण्याचं कारणही तेच. शिरेच्या दुखण्याची काही औषधं एकदम सोडली तर त्रास होतो. ती कमी कधी करायची, हे ज्यांनी लिहून दिली त्यांनीच ठरवायचं. पोटात जळजळ होत असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांना लगेच सांगा. आणि कुठेही नाव न लिहिलेल्या पुडीतल्या पावडरीने एका रात्रीत कंबर मोकळी झाली, तर त्यात काय आहे ते लेखी मागा. स्टेरॉइड असू शकतं, आणि मधुमेह असणाऱ्याला ते फार महागात पडतं.

मग आमच्याकडे होतं काय? दर भेटीला पायाची ताकद तपासून तारखेनिशी नोंद होते. दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहू नका, जमेल तेवढं चाला, हे घरच्यांनाही समजावून सांगितलं जातं, कारण 'हलू नका' असा धाक बहुतेक घरातूनच मिळतो. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम खरंच होतात का, ते विचारलं जातं. दिंडोरी-निफाडकडून द्राक्ष काढणीच्या दिवसांत येणाऱ्यांशी क्रेट कसा उचलायचा, ट्रॅक्टरवर सलग किती बसायचं यावर बोलणं होतं. अंबड-सातपूरच्या कामगारांशी मशीनपुढे उभं राहण्यावर आणि खड्ड्यांतून गाडी चालवण्यावर. तो तासभर याचसाठी लागतो. सकाळी कंबर कशी असते, शिंकताना कळ पायात जाते का, झोप किती लागते, कामावरून सुट्टी मिळते का, हे विचारल्याशिवाय कुणाला कुठे पाठवायचं ते मला ठरवता येत नाही.

ताई, नवऱ्याला रात्र रात्र कूस बदलता येत नाही हे बघताना जीव किती टांगणीला लागतो, ते मी रोज समोर बसलेल्या घरच्यांच्या चेहऱ्यावर बघते. तुम्हाला त्या दिवशी दिलासा हवा होता आणि मी चिठ्ठी दिली, याचा राग मी समजू शकते. तरीही सर्जनची भेट अजून झाली नसेल तर आधी ती घ्या, या आठवड्यातच. त्यांनी काय सांगितलं ते रिसेप्शनला फोन करून कळवा. आमच्याकडची पुढची भेट त्यानंतर ठरवू, आणि तिची फी लागणार नाही.