ऑक्टोपस घरी पाळणं सोपं आहे म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

एक पोस्ट सध्या व्हॉट्सॲपवर आणि रीलमधून सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ऑक्टोपस हा घरी पाळायला सगळ्यात सोपा समुद्री प्राणी. कुत्र्याइतका हुशार, पण फिरवायला न्यायची कटकट नाही. दोन फुटी टँक, नळाचं पाणी, त्यात जाडं मीठ आणि रोज दोन कोळंब्या एवढ्यावर तो वर्षानुवर्षं राहतो, माणूस ओळखतो आणि कुणाला काही करत नाही. माझ्याकडे पुण्यात खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणून ओळखीतले लोक ती मला पाठवतात आणि विचारतात, कुठे मिळेल? तिच्यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे, ऑक्टोपस विलक्षण हुशार असतो. आणि माझ्या मते त्याला घरी न आणण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. पण त्याआधी बाकीचे मुद्दे.

सुरुवात पाण्यापासून, कारण पुण्यात सगळं तिथेच अडतं. जाडं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. त्यासाठी तयार सॉल्ट मिक्स मिळतं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम लागतं. २०० लिटरला सात किलो, आणि पुढे प्रत्येक पाणीबदलाला परत. मासा आपल्या अंगातला क्षार बऱ्यापैकी सांभाळून घेतो. ऑक्टोपसला ते जमत नाही; बाहेरचं पाणी जेवढं खारं तेवढंच त्याचं रक्त. त्यामुळे पाणी थोडं पातळ झालं की त्याचा थेट त्रास त्याला होतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. वाघोली-उंड्रीकडे टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी. मग लोक म्हणतात, स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरू. थांबा. हल्लीच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण चांगलं मानतो, पण पाण्यात विरघळलेलं तांबं ऑक्टोपसला विष आहे. त्याचं स्वतःचं रक्त निळं दिसतं ते तांबं असलेल्या हिमोसायनिनमुळेच, तरीही बाहेरून आलेलं तांबं त्याला सोसत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर जे औषध देतात त्यातही बहुधा तांबं असतं, आणि ते टँकमधल्या दगडांत मुरून राहतं. म्हणून कुणाचा जुना टँक स्वस्तात मिळत असेल तर त्यात कधी कुठलं औषध टाकलं होतं हे आधी विचारा.

पोस्टमध्ये उन्हाळ्याचा उल्लेखही नाही. पाळले जाणारे उष्ण समुद्रांतले ऑक्टोपसही २३ ते २६ अंशांत बरे राहतात, थंड समुद्रातल्यांना त्याहून गार पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टँकचं पाणी सहज तिशीच्या वर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यातला प्राणवायू कमी. पंखा लावून गार करायला जावं तर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. माझ्या टँकच्या काचेवर मे महिन्यात दुपारपर्यंत पाण्याची रेघ बोटभर खाली आलेली असते आणि तिच्यावर मिठाची पांढरी, खरखरीत पापडी धरलेली असते. तेवढं गोडं पाणी, शुद्ध केलेलं, रोज परत घालावं लागतं. म्हणजे चिलर आला. आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली तर पंप चालू ठेवायला इन्व्हर्टर आला.

दोन फुटी टँकमध्ये जेमतेम साठ-सत्तर लिटर पाणी मावतं. अनुभवी पाळणारे लहान-मध्यम जातींसाठीही दोनशे लिटरच्या खाली जात नाहीत. ऑक्टोपस भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो. त्यातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये आधी बसलेले हवेत, आणि त्याला किमान तीन महिने द्यावे लागतात. त्यासाठी म्हणून 'लाइव्ह रॉक', म्हणजे असे जिवाणू आधीच बसलेला समुद्री खडक, विकत घ्यायला निघालात तर तो प्रवाळाचा सांगाडा नाही ना, हे बघा. रीफ बांधणारी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिवाय एवढ्याशा पाण्यात तो घाबरून शाई सोडतो तेव्हा ती त्याच्याच कल्ल्यांत जाते. समुद्रात तो शाई सोडून पळतो. टँकमध्ये पळणार कुठे?

झाकणाबद्दलही पोस्ट गप्प आहे. ऑक्टोपसच्या अंगात टणक अशी एकच गोष्ट, चोच. ती ज्या फटीतून जाते तिथून उरलेला ऑक्टोपसही जातो. २०१६ साली न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या राष्ट्रीय मत्स्यालयातून 'इंकी' नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, फरशीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या पाइपमधून थेट समुद्रात उतरला. आपल्या फ्लॅटमध्ये त्या वाटेच्या शेवटी समुद्र नाही, बाथरूमची जाळी आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगते. काही ऑक्टोपस फ्रोझन कोळंबी घेतात, काही जिवंत खेकड्याशिवाय तोंड लावत नाहीत. गणेश पेठेच्या मासळी बाजारात जिवंत खेकडा रोज मिळेलच असं धरून चालू नका.

'वर्षानुवर्षं राहतो' हे मात्र सरळ खोटं आहे. नेहमीचा ऑक्टोपस एक ते दोन वर्षं जगतो, उष्ण समुद्रातल्या लहान जाती तर वर्षाच्या आतच संपतात. त्यातले बहुतेक समुद्रातून पकडलेले आणि बऱ्यापैकी वाढलेले विकले जातात, म्हणजे हातात उरतात काही महिने. मादी अंडी घालते, खाणं सोडते आणि अंडी राखत मरते. नरही मीलनानंतर खंगतो. 'नीट काळजी घेतली तर टिकेल' असं म्हणणाऱ्यांसाठी: १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या, तर त्या परत खायला लागल्या. म्हणजे हे मरण त्याच्या शरीरातूनच येतं. तुमच्या काळजीने ते टळत नाही.

आता हुशारी. सिॲटलच्या मत्स्यालयात एक प्रयोग झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच गणवेशातली दोन माणसं. एक खायला घालायचा, दुसरा काठीच्या खरखरीत टोकाने टोचायचा. दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांना वेगवेगळं वागवायला लागले. 'माणूस ओळखतो' म्हणून आपण जे कौतुक करतो ते हे. त्याला त्रास देणाराही ओळखू येतो, लक्षात राहतो. त्याच मत्स्यालयात काही ऑक्टोपस तरंगती बाटली पाण्याच्या झोताने परत परत ढकलून खेळताना दिसले. ज्याला खेळायला हवं असतं त्याला कंटाळाही येणार, आणि रिकाम्या काचेत त्याने करायचं काय? अनेक जाती रात्री हिंडणाऱ्या आहेत. आपण ऑफिसातून येऊन, जेवून झोपतो तेव्हा त्यांचा दिवस सुरू होतो. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात ऑक्टोपसला संवेदनशील प्राणी म्हणून घेतलं ते उगीच नाही. अशा जिवाला त्याच्या तुटपुंज्या आयुष्यातले उरलेले महिने टीव्हीशेजारच्या डब्यात काढायला लावणं मला पटत नाही, आणि मी टँक ठेवणारी असूनही ते स्पष्ट सांगते.

'कुणाला काही करत नाही' हेही जातीवर अवलंबून आहे. निळ्या कड्यांच्या छोट्या ऑक्टोपसच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं, त्यावर उतारा नाही. नुसतं 'ऑक्टोपस' म्हणून पिशवीत बांधून दिलेला प्राणी कुठल्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका.

बघायचाच असेल तर ओहोटीला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हे लोक २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, आणि तिथल्या डबक्यांत ऑक्टोपस सापडतो.

ज्यांनी आधीच आणला आहे त्यांनी तो मुठा नदीत सोडू नये, गोड्या पाण्यात तो मरेल. परक्या समुद्रातला असू शकतो, म्हणून कोकणात नेऊनही सोडू नये. झाकण क्लॅम्पने बंद करा, खारेपण आणि अमोनिया रोज तपासा, शाई सोडली तर लगेच पाणी बदला आणि फिल्टरमध्ये कार्बन टाका. आणि ज्याचा मोठा, जुना, तांबं न लागलेला टँक आहे असा माणूस आजच शोधायला लागा.