स्वल्पविराम देताना ऑडिओ बंद ठेवावा

मुलाखत असो, चौकशी असो की सभेचं इतिवृत्त, रेकॉर्डिंगवरून शब्दांकन करायला बसलात की शब्दांची फारशी अडचण येत नाही. ते ऐकू येतात. विरामचिन्हं मात्र कुणी तोंडाने बोलत नाही, ती सगळी तुमच्या पदरची. म्हणजे समोरचा काय बोलला ते त्याने ठरवायचं आणि त्याला काय म्हणायचं होतं ते तुम्ही. एवढा अधिकार आयता हातात आलेला असताना तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत बसणं हा निव्वळ करंटेपणा.

समजा चौकशीत कुणाला तरी विचारलं, "तुम्ही सही केली नाहीत ना?" आणि उत्तर आलं, "नाही मी सही केली". 'नाही'वर जोर देऊन एका दमात म्हटलं असेल, तर माणूस सही नाकारतोय. 'नाही' म्हणून अर्धा क्षण थांबला असेल, तर स्वल्पविराम हवा आणि मग तो सही कबूल करतोय. हेडफोन लावून तेवढंच ऐकलं तर बहुतेक वेळा निकाल लागतो. पण कानांना त्रास कशाला? आधीच्या दोन पानांत तो माणूस तुम्हाला कसा वाटला ते आठवा. भला वाटला असेल तर सोडून द्या. आगाऊ वाटला असेल तर स्वल्पविराम ठोका.

अवतरणचिन्हांत याहून मजा आहे. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचं 'मी'ही जसंच्या तसं येतं. "साहेब म्हणाले मी पैसे घेतले." आता पैसे कुणी घेतले? 'मी पैसे घेतले' हे शब्द अवतरणचिन्हांत घातले तर साहेबांनी कबुली दिली. नाही घातले तर साहेबांनी सांगणाऱ्यावरच आळ घेतला. बोलणाऱ्याने त्या ठिकाणी साहेबांचा आवाज काढला असेल तर प्रश्नच मिटला, पण त्यासाठी पुन्हा ऐकणं आलं. अशा वेळी अवतरणचिन्हं वाचवावीत. पैसे आपोआप खालच्या पगाराच्या माणसाकडे जातात आणि इतिवृत्त एकमताने मंजूर होतं.

यातूनच या धंद्यातली खरी रीत समजते: विरामचिन्हं पद बघून द्यायची. अध्यक्ष तीन ठिकाणी अडखळले तर लिहावं, "मी, तेव्हा, तिथेच होतो." केवढा ठामपणा! शिपाई त्याच तीन ठिकाणी अडखळला तर, "मी... तेव्हा... तिथेच होतो..." वाचणाऱ्याला त्याचं कपाळ घामाने डबडबलेलं दिसलंच पाहिजे. अध्यक्षांच्या न संपणाऱ्या वाक्याला मध्येच एक अर्धविराम दिला की ते व्यासंगी वाटतात. शिपायाला अर्धविराम कधीही देऊ नये, उगाच शिकलेला दिसेल.

टिंबांबद्दल काही सोवळे लोक वेगळंच सांगतील. बोलणारा स्वतःच बोलता बोलता विरला तर तीन टिंबं, दुसऱ्याने मध्येच तोडलं तर अपसारणचिन्ह, शब्द कळलाच नाही तर चौकटी कंसात 'अस्पष्ट' आणि शेजारी रेकॉर्डिंगमधली वेळ. इतका काटेकोरपणा केला तर वाचणारा ती वेळ गाठून खरंच ऐकेल, आणि तुम्ही कुठे डुलकी काढलीत ते त्याला कळेल. त्यापेक्षा सगळीकडे सात-आठ टिंबं टाका. मजकूर गाळलाय, माणूस गप्प बसलाय की तुम्हीच चहाला गेला होतात, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

हल्ली हे काम सॉफ्टवेअरकडे देतात. ते श्वास घेतला की पूर्णविराम देतं, त्यामुळे सर्दी झालेला माणूस फार निश्चयी वाटतो. त्यात हात घालू नका. यंत्राचं चुकलं असं म्हणायची सोय हातची कशाला घालवायची?

एका चिन्हाने एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारलंच तर आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंट यांचं नाव काढू नका. 1916 साली त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, तेव्हा युक्तिवाद इंग्लंडच्या 1351च्या कायद्यातल्या विरामचिन्हांपर्यंत गेला होता आणि त्यांना स्वल्पविरामावर फाशी दिलं असं आजही म्हटलं जातं. त्याऐवजी मोडीचा दाखला द्या. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, तरी पत्रव्यवहार आणि हिशेब चालतच होते. मराठीत विरामचिन्हांचं वळण पडलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. साहेबाने लावलेली सवय म्हटलं की समोरचा अर्धा गार पडतो.

शेवटच्या पानावर 'शब्दशः खरी प्रत' असं लिहून सही करायला विसरू नका. त्यात खोटं काहीच नाही, शब्द तर एकही बदललेला नसतो. तरीही कुणी भांडायला आलाच तर तक्रार लेखी मागवा. रागात लिहिणारा माणूस विरामचिन्हं देत नाही. 'विरामचिन्हांअभावी अर्थबोध होत नाही' असा शेरा मारून कागद परत करा.