रोड टॅक्स भरताना घ्यावयाची काळजी

दसऱ्याला गाडी काढणार असाल, तर शोरूमवाला ऑन-रोड किमतीचा कागद पुढे करील तेव्हा आरटीओसमोरच्या आकड्यावर अंगठा ठेवा. वाचला तर प्रश्न पडतात आणि प्रश्न पडले की पेढा गोड लागत नाही.

तरीही वाचायचाच असेल, तर घ्या. सव्वाशे सीसीच्या स्कूटरवर ११ टक्के. पेट्रोलची कार १० लाखांपर्यंत असली तर ११, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर २ टक्के जास्त. हा कर एकरकमी असतो, म्हणजे पंधरा वर्षांचा आजच. समोरचा रस्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण तुमची गाडी पंधरा वर्षं त्यावर धावणार, याबद्दल सरकारच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि ती खरंच धावली, तर सोळाव्या वर्षी पर्यावरण कर भरायला या.

पैसे कुठे जातात, हे आरटीओच्या खिडकीवर विचारू नका. तिथल्या बाबूलाही ते ठाऊक नसतं आणि मागची रांग खवळते. ते राज्याच्या एकत्रित निधीत जातात. राज्यघटनेच्या कलम २६६ ने तशी सोयच करून ठेवली आहे. तिथे तुमच्या स्कूटरचा रुपया आणि देशी दारूच्या अबकारीचा रुपया गळ्यात गळे घालून बसलेले असतात. त्यातला आपला कोणता, हे त्याच्या बापालाही ओळखू येणार नाही.

प्रत्येक घरात एक शिकलेला भाचा असतो. तो म्हणेल, ‘मामा, गाड्यांचा कर फक्त रस्ते आणि बससाठी राखून का ठेवत नाहीत?’ त्याला लगेच गप्प करा, नाहीतर तो इतिहास काढतो. १९२७ साली बॅरिस्टर जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. तिने सांगितलं की पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांनाच द्या. १९२९ मध्ये गोऱ्या साहेबाने तसा निधी काढलासुद्धा. पुढे १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते जमले, वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला आणि त्याला नाव पडलं नागपूर योजना. हो, आपलंच नागपूर! सिव्हिलची पोरं आजही परीक्षेसाठी ते पाठ करतात आणि पेपर झाला की खड्डे चुकवत घरी जातात.

भाचा तरीही ऐकला नाही, तर दुष्काळ सेस काढा. २०१५ साली पेट्रोल-डिझेलवर दुष्काळासाठी सेस लावला होता. पुढच्या वर्षी पाऊस आला, दुष्काळ गेला, सेस मात्र राहिला. राखून ठेवलेल्या पैशाचंही आपल्याकडे असं होतं, एवढं सांगितलं की भाचा मोबाईल बघायला लागतो.

आता बसचं. इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथेच आहे. मे महिना, दुपारचे दोन, पारा पंचेचाळीसवर. मानेवाड्याच्या स्टॉपवर एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून उभी आहे, नुसते डोळे दिसतात. शेडचा पत्रा तापलेला, म्हणून ती शेडऐवजी विजेच्या खांबाच्या सावलीत, त्या चार बोटांच्या पट्टीत अंग चोरून उभी. बस येत नाही. थोडं थांबून ती ‘सवारी’वाल्या ऑटोत चौथी होऊन बसते. मीटरचं ती विचारत नाही. नागपुरात ते विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. संध्याकाळी बाप म्हणतो, ‘जाऊ दे बाई, उन्हातान्हात कायले मरते? घेऊन टाकू तुले एक गाडी.’

झाले ११ टक्के जमा! न आलेल्या बसइतका कर्तबगार वसुली अधिकारी कुठल्या खात्यात आहे? त्याला पगार नाही, पेन्शन नाही, बदलीसाठी वशिला नाही. बस महापालिकेची, तिचा तोटाही महापालिकेचाच. पण तिला कंटाळून घेतलेल्या गाडीचा कर राज्याचा. अशात तोच पैसा बसवर खर्च करा म्हणणं म्हणजे तिजोरीला बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायला सांगणं. दर दहा मिनिटांनी बस यायला लागली, तर ही पोरगी गाडी घेईल का? मग दारूवर किती भार टाकायचा!

मेट्रोला मात्र नावं ठेवू नका. २०१९ मध्ये धावायला लागली, डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्ग पूर्ण झाले. डबा थंडगार. पाहुण्यांना सीताबर्डीचं स्टेशन जरूर दाखवा. फक्त घर स्टेशनच्या जिन्याखालीच घ्या. ते जमत नसेल, तर स्टेशनपर्यंत जायला एक गाडी घ्या. कराचे दर वर दिलेच आहेत.

खड्ड्याची तक्रार करायची तर आधी त्याचं कुळ काढा. रस्ता मनपाचा, नासुप्रचा (म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा), बांधकाम खात्याचा की हायवेवाल्यांचा? चुकीच्या दारात गेलात तर आणखी तीन दारं आहेतच. सिमेंटचा रस्ता झाला असेल तर खड्ड्याची चिंता मिटली, पण तो तुमच्या जोत्यापेक्षा वर गेलाय का, ते पावसाळ्याआधी बघून ठेवा. गेला असेल तर जॅक लावून घर उचलून देणारे मिळतात. हा खर्च मात्र कुठल्याच करात धरलेला नाही.

शेवटचा उपाय खात्रीचा. हिवाळी अधिवेशन आलं की विमानतळ ते विधानभवन हा पट्टा कसा गुळगुळीत होतो, ते पाहिलं असेल. तेव्हा ओळखीपाळखीतून एखादा मंत्री गाठा आणि घरी जेवायला बोलवा. सावजी मटण ठेवा, तर्री जपून वाढा. रात्री ताफा यायचा असेल तर सकाळी रोलर येतो. आमंत्रण मात्र नोव्हेंबरातच द्या, डांबर बसायला वेळ लागतो.