गेलेल्या टीमची जर्सी

रविवारी कपाटं आवरायला काढली होती. लहान झालेले कोट, बर्फातले बूट, सगळं दान करायच्या पिशवीत भरत होते आणि तळातून लेकीची जुनी जर्सी निघाली. मोरपंखी रंगाची, छातीवर शार्क, बाहीवर हॉट चॉकलेटचा एक डाग जो कितीही घासला तरी गेला नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या मापाची आहे आणि लेक आता सोळाची. मी पिशवीत टाकली, तिने काढली, परत टाकली, परत काढली. नवरा म्हणाला अगं ती टीमच राहिली नाहीये आता, काय करणार ठेवून. तर म्हणाली, "म्हणूनच."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ राहतो. (स्पेलिंग बघून भारतातले सगळे वॉर्सेस्टर म्हणतात, इथे वुस्टर.) 2008 च्या नोव्हेंबरात आलो आणि महिन्याभरात ती आईस स्टॉर्म, झाडं कडाकड मोडून तारांवर पडत होती आणि चार दिवस घरात वीज नाही. मला तर वाटलं होतं परतच जावं. पुढे फेब्रुवारीत ऑफिसमधल्या एकीने दोन तिकिटं दिली, म्हणाली घरात कुढत बसू नका, हॉकी बघून या. मी पाच महिन्यांची गरोदर. हॉकी म्हटलं की मला धनराज पिल्ले आठवणार, बर्फावरची हॉकी कधी टीव्हीवरसुद्धा धड बघितली नव्हती. पण त्या डीसीयू सेंटरमध्ये शिरलो, खाली पांढरं शुभ्र मैदान, काचेवर माणूस आपटला की धाड्कन आवाज आपल्या छातीत, आणि गोल झाल्यावर शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली. तीन महिन्यांत नवऱ्याशिवाय मला कोणी हात पण लावला नव्हता हो. रडूच आलं मला तिथे.

ती टीम होती वुस्टर शार्क्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनएचएल म्हणजे सगळ्यात वरची लीग, तिच्या खाली एएचएल, जशी आपली रणजी, आणि एएचएलच्या खाली ईसीएचएल. एएचएलची प्रत्येक टीम कुठल्यातरी एनएचएल टीमला बांधलेली असते, पोरं इथे तयार होतात आणि वर जातात. आमची शार्क्स ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची, मालकी पण त्यांचीच. 2006 ला क्लीव्हलँडहून उचलून इथे आणलेली. आमच्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसायचे, त्यांच्या डोक्यावर मात्र शार्क्सची टोपी कधीच नसायची, आईसकॅट्सची असायची. 1994 ते 2005 वुस्टरला आईसकॅट्स नावाची टीम होती, सेंट लुईसच्या एनएचएल टीमच्या मालकीची, त्यांनी ती विकली आणि टीम पिओरियाला गेली. आजोबा सगळ्या मॅचना यायचे, ओरडायचे शार्क्ससाठीच, पण टोपी जुनी. मी एकदा विचारलं तर म्हणाले ही पण जाईल एक दिवस, टोपी बदलायची नाही असं मी ठरवलंय.

मला तेव्हा ते फार कडवट वाटलं होतं.

लेक झाली, तीन वर्षांची झाल्यावर तिला न्यायला लागलो. तिला खेळ कळायचा नाही, तिला फिन्झ आवडायचा, म्हणजे टीमचा मॅस्कॉट, शार्कच्या वेषातला माणूस. आणि ब्रेकमध्ये ते झांबोनी मशीन बर्फ गुळगुळीत करत फिरतं ना, ते ती तोंड उघडं टाकून बघायची. आजोबांनी तिला एक पक दिला होता, काचेवरून स्टँडमध्ये उडून आलेला, खरा, कडेला घासल्याच्या खुणा असलेला. तो ती रात्री उशीखाली घेऊन झोपायची. काळं, जड, रबराचं वास येणारं ते चाक, आणि आमची पाच वर्षांची मुलगी त्याला "माझा बाळ" म्हणायची.

2015 चा जानेवारी. 26-27 ला वुस्टरमध्ये 34.5 इंच बर्फ पडला, शहराच्या नोंदीतलं सगळ्यात मोठं वादळ. गाडी कुठे आहे ते फावड्याने शोधायला लागलं. आणि दोन-तीन दिवसांत, अजून रस्ते धड मोकळे झालेले नाहीत तर बातमी, एएचएल कॅलिफोर्नियात नवी पॅसिफिक डिव्हिजन काढतेय, पाच टीम्स उचलून तिकडे नेणार. त्यात वुस्टर शार्क्स जाणार सॅन होजेला, एनएचएलच्या टीमच्याच स्टेडियममध्ये खेळणार. पुढे नाव ठेवलं बॅराकुडा.

त्यांचं कारण खोटं नव्हतं हे मी आधीच मान्य करते. सॅन होजेत रात्री कोणाला दुखापत झाली तर बदली पोरगा सहा तास विमानात बसून अख्खा देश ओलांडून येणार आणि तसाच खेळायला उतरणार, हे काही बरं नाही. जवळ असलेलं कोणालाही सोयीचंच. पण त्यानंतर जे बोललं गेलं त्याचा मला आजही राग येतो. जो तो म्हणायला लागला लोक येतच नव्हते, स्टँड रिकामे असायचे, मग टीम जाणारच. आमच्या मराठी मंडळींमध्ये पण एकजण मला म्हणाले, बिझनेस आहे तो, गिऱ्हाईक नाही तर दुकान बंद.

नाही. गर्दी कमी असायची हे खरंय, मंगळवारच्या मॅचला तर प्रतिध्वनी यायचा. पण ज्या गावाची एक टीम आधीच काढून घेतली गेलीय, एक वर्ष कोरडं गेलंय, मग दुसरी आणली ती दुसऱ्याच शहराची अर्ध्या पोशाखासकट (क्लीव्हलँड बॅरन्सची पण तीच मालकी, तेच रंग), त्या गावातली माणसं जीव टाकायला दहा वेळा विचार करणारच ना. आणि निर्णय घेणारी माणसं देशाच्या दुसऱ्या टोकाला. गर्दी दुप्पट झाली असती तरी सॅन होजे आणि वुस्टरमधलं अंतर कमी झालं नसतं. टीम त्यांच्या सोयीसाठी गेली, ठीक आहे, गेली, पण जाताना खापर आमच्या डोक्यावर का.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी मँचेस्टर बघावं, न्यू हॅम्पशायरमधलं, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. मोनार्क्स, 2001 पासूनची टीम. त्याच आठवड्यात त्यांनाही कळलं की टीम कॅलिफोर्नियात ऑन्टॅरिओला जाणार. आणि ती टीम त्या सीझनला काय खेळली! जूनमध्ये फायनलला युटिकाला 4-1 हरवून कॅल्डर कप घेतला, एएचएलचा सगळ्यात मोठा मान. म्हणजे विचार करा, जानेवारीत कळलंय की ही पोरं जाणार, आणि मँचेस्टरच्या लोकांनी जूनपर्यंत त्यांच्यासाठी घसा फोडला. कप आला आणि टीम गेली. बदल्यात खालच्या लीगची टीम मिळाली त्याच नावाची, 2019 ला तीही बंद पडली. आता सांगा त्या लोकांचं काय चुकलं?

2016 ला तर संगीत खुर्चीच झाली. ॲरिझोनाच्या एनएचएल टीमने आमच्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डची टीम विकत घेऊन टुसॉनला नेली, मग स्प्रिंगफील्डवाल्यांनी हिकमतीने पोर्टलँडची, मेन राज्यातली, टीम मिळवली आणि पोर्टलँडची खुर्ची गेली. पोर्टलँडला 2018 ला जी टीम मिळाली ती अलास्कात, अँकरेजमध्ये, बंद पडलेल्या एसेसची फ्रँचायझी. टुसॉन, स्प्रिंगफील्ड, पोर्टलँड, अँकरेज. संगीत थांबलं तेव्हा शेवटी उभं राहिलं अँकरेज, आणि तिथे हिवाळ्यात काय अंधार असतो ते नकाशा बघून कळेल.

हे सगळं मी पुण्याला बाबांना फोनवर सांगायचे. बाबांना हॉकीतलं काही कळत नाही पण हे बरोबर कळलं. त्यांनी 2012 ला आयपीएलच्या पुणे वॉरियर्ससाठी गहुंजेच्या चकरा मारल्या होत्या, 2013 नंतर ती टीम गायब. मग 2016 ला रायझिंग पुणे आली, चेन्नई-राजस्थानवर बंदी होती म्हणून दोन वर्षांपुरती, सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तरी 2017 ची फायनल मुंबईकडून एका रनने हरल्यावर बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. आणि 2018 ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या मॅचेस पुण्याला हलवल्या तेव्हा तिकडून फॅन्सना आणायला स्पेशल ट्रेन सोडली होती, आठवतंय ना? बाबा गहुंजेत त्या पिवळ्या गर्दीत बसून आले आणि मला म्हणाले, "त्यांची टीम त्यांना परत मिळाली गं, बघून बरं वाटलं. आपल्याला मात्र कोणी विचारलं पण नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आता चांगलं सांगते. दोन हिवाळे वुस्टर रिकामं होतं. 2016 ला क्लिफ रकर नावाच्या उद्योजकाने ईसीएचएलमध्ये नवी टीम घेतली, रेलर्स, आणि ऑक्टोबर 2017 ला पहिली मॅच. लीग एक पायरी खालची. पण ही टीम कोणाची काढून आणलेली नव्हती, नवीन होती, वुस्टरसाठीच जन्माला घातलेली, मालक याच राज्यातला. कॅनाल डिस्ट्रिक्टमध्ये नवं आईस सेंटर पण त्याच सुमाराला उघडलं, माझी लेक तिथेच स्केटिंग शिकली, पडून पडून गुडघे काळेनिळे, पण शिकली. पहिल्या मॅचला आम्ही गेलो तर आजोबा आमच्या आधी हजर. टोपी आईसकॅट्सचीच. लेकीने खिशातून पक काढून दाखवला तर काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले, मग स्वतःच्या रुमालाने पुसून तिच्या हातात परत दिला.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी बोलायला मला जड जातं. 2018 च्या ऑगस्टमध्ये वुस्टरमध्ये जल्लोष झाला, बेसबॉलची टीम येणार म्हणून. पॉटकेट रेड सॉक्स, रोड आयलंडमधून, पाऊण तासावरून. पॉटकेटला ती टीम 1970 पासून होती. त्यांच्या मकॉय स्टेडियममध्ये 1981 ला व्यावसायिक बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच झाली, 33 इनिंग्ज, पहाटे चारला थांबवली तेव्हा थंडीत कुडकुडत स्टँडमध्ये 19 माणसं उरली होती. एकोणीस! अशा माणसांची टीम आम्ही घेतली. आणि 2020 चा त्यांचा शेवटचा सीझन करोनात गेला, एकही मॅच झाली नाही. मग लोक काय करायला लागले, तर मैदानावर टेबलं मांडली होती तिथे जाऊन जेवायला लागले. ज्या गवतावर आपली टीम खेळली तिथे बसून एकदा जेवायचं, हाच निरोप.

आमच्या ऑफिसात सगळे नव्या पोलर पार्कच्या तिकिटांच्या मागे. मी पण गेले 2021 ला, स्टेडियम सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मला सारखी पॉटकेटमधली कुठलीतरी सहा वर्षांची मुलगी दिसत होती, तिच्या कपाटातली जर्सी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं नाही ना करता येत. आमची शार्क्स नेली तेव्हा मी ज्या शब्दांत सॅन होजेवाल्यांना बोलले होते, तेच शब्द पॉटकेटच्या कुठल्यातरी आईने आम्हाला वापरले असतील, आणि ती बरोबरच असेल.

म्हणून माझं मत अगदी साधं आहे. नवी टीम काढा, हवी तेवढी खालच्या लीगची काढा, पण कोणाच्या अंगणातलं झाड उपटून आणू नका. आणि मालक शक्यतो त्याच मुलखातला असू द्या. हर्शी बघा ना, पेनसिल्व्हेनियातलं, चॉकलेटवालं, गाव म्हणावं एवढंच. तिथे बेअर्स 1938 पासून एएचएलमध्ये आहे, हललीच नाही, कारण मालकी गावातल्याच कंपनीची. वर कुठली एनएचएल टीम जोडलेली आहे ते बदलत गेलं, बेअर्स तिथेच. दरवर्षी एका मॅचला पहिला गोल झाला की लोक बर्फावर टेडी बेअर फेकतात, मुलांना वाटायला, 2025 च्या जानेवारीत तिथे एक लाखाच्या वर खेळणी पडली. जी टीम आजोबांनी बघितली तीच नातवंडं बघतात तेव्हा हे होतं, मार्केटिंगने होत नाही.

रेलर्स किती वर्षं राहील मला माहीत नाही. दरवर्षी सीझन संपला की पोटात गोळा येतोच. पण लेक आता खेळ समजून बघते, गोली कुठे चुकला ते मला सांगते, आणि आम्ही अजून त्याच बाजूला बसतो. आजोबा मागच्या सीझनला फार कमी वेळा आले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने चढवत नाहीत. यंदा आम्ही त्यांना घरून घेऊन जायचं ठरवलंय, खालच्या रांगेतली तिकिटं काढून.

जर्सी पिशवीत गेली नाही, लेकीच्या खोलीत भिंतीवर लागलीय, डागासकट. आणि श्रूजबरी, वेस्टबरोकडच्या मंडळींनो, शनिवारची मॅच संध्याकाळी असते, आमच्या गाडीत आजोबा धरून अजून दोन जणांची जागा आहे. मुलं असतील तर आधी सांगा म्हणजे बूस्टर सीट काढून ठेवते. स्वेटर मात्र आणा, आत थंडी वाजते.