'पोरखेळ' म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

माननीय 'एक जुना वैमानिक, पुणे' यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. बायकोने लॅपटॉप बंद करायला लावला, ते बरं झालं. आज चार दिवसांनी लिहितोय. तरीही कुठे आवाज चढला तर त्याला आपले शब्द कारण आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या मित्राच्या मुलाने किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून दोन सीटांचं विमान बांधलं. इंजन रोटॅक्स ९१२, शंभर अश्वशक्तीचं. किटच्या माहितीपत्रकात चढाईचा वेग मिनिटाला १,००० फूट लिहिलेला आहे. इथे माळव्याच्या पठारावर, मे महिन्यात, पूर्ण वजनाला आम्हाला तो ६५० मिळाला. तो कसा मोजला, हे मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: "समोर व्हीएसआयचा काटा चढाईचा वेग दाखवत असताना स्टॉपवॉच घेऊन बारा वेळा चढउतार करणं हा शुद्ध पोरखेळ आहे. लेखकाला हवेतला अनुभव नाही, हे यावरूनच दिसतं." त्याखाली आणखी पाच मुद्दे आहेत आणि शेवटी "आधी मराठी सुधारा" असा सल्ला.

मतभेद असू शकतो. 'ही पद्धत मला पटत नाही' असं आपण लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण पोरखेळ? पहाटे साडेचारला उठून, टाकी मापून भरून, दोघांची वजनं काट्यावर करून, भर पहाटे एक माणूस आपल्या हाताने जोडलेल्या विमानात बसतो. रिवेट अन् रिवेट त्याने स्वतः मारलेला आहे. तो पोरखेळ करायला जातो असं आपल्याला खरंच वाटतं का? आपण स्वतःला जुने वैमानिक म्हणवता. जुन्या वैमानिकांच्या तोंडी हा शब्द मी चाळीस वर्षांत ऐकलेला नाही.

आता त्या काट्याबद्दल. व्हीएसआय म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं उपकरण. त्याच्या डब्यात एक पोकळ चकती असते. बाहेरच्या हवेचा दाब त्या चकतीत लगेच पोचतो. भोवतालच्या डब्यात मात्र तो एका बारीक छिद्रातून हळूहळू झिरपतो. या दोन दाबांतला फरक काटा दाखवतो. झिरपायला वेळ लागतो म्हणून काटा मागे राहतो, साधारण सहा ते नऊ सेकंद. मी अशी उपकरणं बाकावर उघडून, तपासून, परत बसवली आहेत. तो काटा 'आत्ता वर चाललोय की खाली' हे सांगायला उत्तम आहे. मोजमापाला तो कधीच नव्हता.

दुसरं, तो काटा विमानाची ताकद आणि हवेची हालचाल वेगळी करू शकत नाही. मे महिन्यात सकाळी दहानंतर तापलेल्या काळ्या जमिनीवरून हवा उसळते. त्या उसळीत शिरलात की काटा नऊशे दाखवतो आणि बाहेर पडलात की दोनशे. यातला विमानाचा आकडा कोणता? म्हणूनच आमच्या बाराही चढाया पावणेसहा ते सव्वासातच्या आत झाल्या, हवा निजलेली असताना.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून नीट सांगतो. वैमानिकाने नकळत नाक जरा वर घेतलं आणि वेग ६५ नॉटवरून (ताशी सुमारे १२० किलोमीटर) ६० वर आला, तर विमानाने तो वेग उंचीत बदललेला असतो. हिशेब साधा आहे, त्या पाच नॉटचे जवळजवळ अठ्ठावीस फूट होतात. हे दहा सेकंदांत घडलं तर काट्यावर मिनिटाला दीडशेहून जास्त फुटांची चढाई अशी दिसते जी इंजनाने दिलेलीच नाही. काट्याकडे बघत आकडा लिहिणारा माणूस या फुकटच्या उंचीला चढाई समजतो. वेग परत पाच नॉटने वाढवायला गेलात की ती सगळी वसूल होते, आणि ती वसुली नेमकी झाडांच्या शेंड्यांवर होते.

म्हणून करवतीच्या दात्यांसारख्या चढाया करायच्या. सॉटूथ क्लाइंब हे नाव त्यावरूनच आलं, आणि ही पद्धत मी शोधलेली नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतुकीच्या सरकारी संस्थेने हौशी विमान बांधणाऱ्यांसाठी ९०-८९ क्रमांकाची पुस्तिका काढली आहे, तीतही चढाईच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कशा करायच्या ते दिलेलं आहे. आल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं उपकरण, १०१३ या प्रमाण दाबावर लावायचा. पट्टा ठरवायचा, आमचा ३,००० ते ४,००० फुटांचा. तीनशे फूट खालूनच पूर्ण थ्रॉटल देऊन ठरलेला वेग पकडायचा, म्हणजे ३,००० येईपर्यंत सगळं स्थिर झालेलं असतं. वाऱ्याला आडवं चढायचं, उतरायचं, मग उलट दिशेने तोच वेग परत. ४५ पासून ७० नॉटपर्यंत सहा वेग, दोन दिशा, बारा चढाया.

सुरुवातीची उड्डाणं त्या मुलाने एकट्याने केली, उजव्या सीटवर वाळूच्या पिशव्या बांधून. या बारा चढायांना मात्र पिशव्यांच्या जागी मी होतो. तेव्हा 'हवेतला अनुभव नाही' हे आपण कशावरून लिहिलंत, कळत नाही. वैमानिकाचं लायसन्स माझ्याकडे नाही, मी ते कधी लपवलंही नाही. मी विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर. त्याची नजर वेगाच्या काट्यावर, माझी आल्टिमीटरवर. आल्टिमीटरचा लांब काटा एका फेऱ्यात १,००० फूट मोजतो, म्हणून ३,००० ला तो शून्यावर असतो आणि ४,००० ला पुन्हा शून्यावर. काटा अडकून बसू नये म्हणून बोटाच्या पेराने काचेवर हलकेच टकटक करत राहायचं. लांब काटा शून्याच्या रेघेवर आला की अंगठा दाबायचा. हातातलं स्टॉपवॉच माझ्या वडिलांचं. ते इथल्या कापड गिरणीत मागांच्या खात्यात होते, तिथे ते त्याच्यावर यंत्रांचा वेग मोजत. अजून सेकंदाला सेकंद चालतं.

६० नॉटला एका दिशेने १ मिनिट २९ सेकंद लागले, उलट दिशेने १ मिनिट ३६. म्हणजे ६७४ आणि ६२५, सरासरी ६५०. सात सेकंदांचा हा फरक वाऱ्याचा. वर जाताना वारा बदलतो आणि एका दिशेला तो फुकट देतो, दुसऱ्या दिशेला हिसकावून घेतो. एकदाच चढून, काट्याकडे बघून हे कळलं असतं? तुम्हीच सांगा.

आणि या सगळ्याचं फळ काय, तर एक वक्ररेषा. ग्राफ पेपरवर आडवा वेग, उभी चढाई. रेषेचा माथा सुमारे ६१ नॉटला आला, तो मिनिटाला सर्वात जास्त उंची देणारा वेग. शून्यापासून रेषेला स्पर्श करणारी सरळ रेघ ओढली तर ती ५१ ते ५२ ला टेकते, तो कमीत कमी अंतरात जास्त उंची देणारा वेग. किटच्या पुस्तकाप्रमाणे आम्ही तोवर ६५ नॉटने चढत होतो. आमच्या आकड्यांनी हिशेब केला तर त्या हवेत पन्नास फूट उंची मिळवायला ६५ नॉटला सुमारे ५२५ फूट अंतर लागतं आणि ५१ नॉटला सुमारे ४५०. आमच्या धावपट्टीच्या टोकाला बाभळी आहेत. हे पंचाहत्तर फूट त्या बाभळींच्या संदर्भात वाचा.

बाभळीवरून एक जुनी गोष्ट सांगतोच, कारण तुम्ही अनुभवाचा प्रश्न काढलात. १९८४ चा मे महिना. मी एका फ्लाइंग क्लबात नुकताच कामाला लागलो होतो. पुष्पक विमान, दोन सीटांचं, ९० अश्वशक्तीचं. एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, क्लबांसाठी केलेलं हे विमान माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. दुपारी बाराला प्रशिक्षक आणि विद्यार्थी टाकी भरून निघाले. जमिनीवर चाळीस अंश. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे, पण त्या उष्णतेत हवा ५,३०० फुटांवर असावी तितकी विरळ होते. इंजनाला हवा कमी, प्रॉपेलरला कमी, पंखांनाही कमी. चाकं सुटल्यावर काटा तीनशे दाखवत होता, असं प्रशिक्षक नंतर म्हणाले. पट्टी ओलांडताच उसळी संपली आणि काटा शून्याकडे आला. ते दोघं सुखरूप परतले. विमान हँगरात आल्यावर मी चाकांपाशी वाकलो, तर डाव्या चाकाच्या ब्रेकच्या नळीत बाभळीची वीतभर हिरवी फांदी अडकलेली होती, शेंगेसकट. ती मी माझ्या हाताने काढली. काटे बोटांत रुतले होते. त्या दिवसापासून काट्यावर दिसणाऱ्या चढाईवर माझा विश्वास नाही, आणि तो बसवण्याचा प्रयत्न पुण्याहून कोणी करू नये.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. आल्टिमीटरचे फूट हे प्रमाण हवेचे, म्हणजे ठरवून घेतलेल्या दाब-तापमानाच्या हवेचे, फूट असतात. हवा गरम असेल तर खरे फूट त्याहून जास्त भरतात. ३,५०० फुटांना प्रमाण तापमान सुमारे ८ अंश, आम्हाला मिळालं २७. दोन्ही केल्विनमध्ये घेऊन भागाकार केला की १.०६७ येतो. म्हणजे आमचे ६५० खऱ्या फुटांत ६९३ होतात. ही दुरुस्ती मी करायला हवी होती, राहून गेली. चूक माझी. पण हेही बघा की या चुकीने विमानाला मी कमी गुण दिले होते, जास्त नाहीत.

बाकी मुद्द्यांवर फार लिहीत नाही. उड्डाणात पेट्रोल जळून वजन कमी होतं, म्हणून शेवटच्या चढाया चांगल्या दिसतात, असं तुम्ही म्हणता. सोळा-सतरा लिटर पेट्रोल म्हणजे बारा किलो, आणि विमान पाचशे किलोचं. पहिली चढाई आम्ही शेवटी परत करून पाहिली, दोन सेकंदांचा फरक आला. तो सोडून द्यायला हरकत नाही. प्रॉपेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा कोन, किती ठेवला ते लिहिलं नाही, बरोबर, तो त्या लेखाचा विषय नव्हता. एकाच सकाळच्या आणि एकाच वजनाच्या आकड्यांवर विसंबू नये, हे मला नवीन नाही. ज्याला घाई आहे त्याने स्वतः विमान बांधून हिवाळ्यात, कमी वजनाला चाचण्या कराव्यात. लेख लांबला, हा मुद्दा मी वाचून सोडून दिला.

राहिली मराठी. मी 'इंजन' लिहिलं, 'इंजिन' नाही. आमच्या घरी 'इंजन' म्हणतात, रामबागेतल्या शेजाऱ्यांकडे म्हणतात, हँगरात प्रत्येक मेकॅनिक म्हणतो. होळकरांबरोबर आलेली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत, भोवती सगळी हिंदी असताना. माझ्या पणजोबांची पत्रं माझ्याकडे आहेत, मोडीत लिहिलेली. आमची मराठी शिकवणीने आलेली नाही, ती घरात टिकवून ठेवलेली आहे. विमानाच्या चाचणीत खोट काढायला काही उरलं नाही की माणसं भाषेवर येतात, हे मी इथे पूर्वीही पाहिलंय. तुम्ही तसं करायला नको होतं. त्या रात्री सर्वात जास्त लागलं ते हेच.

मूळ लेखात ६५० च्या शेजारी ६९३ हा खऱ्या फुटांचा आकडा आज घातला आहे, आणि दुरुस्ती एका वाचकाने सुचवली असंही तिथे लिहिलं आहे. नाव घालता आलं नाही, कारण आपण ते दिलेलं नाही. बारा चढायांच्या वहीची पानं माझ्याकडे आहेत, वेळ, तापमान, टाकीतलं पेट्रोल, सगळं त्या त्या चढाईसमोर पेन्सिलीने लिहिलेलं. नावानिशी मागितलीत तर त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
इंदूर