मार्थाही बसली असती तर जेवण कोणी केलं असतं?

ताई, सलाम.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर स्वतःची बाजू मांडत बसले असते, म्हणून तीन दिवस थांबले.

पहाटे अर्धा तास लवकर उठा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावून घ्या आणि मग शास्त्रपाठ व प्रार्थना करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत की तुम्ही साडेचारलाच उठता. दोन डबे, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं, मग बदलापूरहून लोकल. दार लावलं तर त्यांची हाक ऐकू येणार नाही. 'लेख वाचून देवाजवळ गेले नाही, मनाला टोचणी मात्र लागली. आणि बहीण मरियेसारखी मार्थाही येशूच्या पायाशी बसली असती तर त्या दिवशी जेवण कोणी केलं असतं?'

टोचणीबद्दल आधी क्षमा मागते. माझे वडील शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते. त्या काळात मी रात्री त्यांच्या उशाशी बायबल उघडायची आणि चार ओळींत डोळा लागायचा. ते जाऊन दोन वर्षं झाली. आता घर शांत आहे, आणि त्या शांततेत बसून मी सगळ्यांना शांत बसायला सांगितलं. स्वतःचेच ते आठ महिने मी विसरले, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

आता मार्था. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू तिच्या घरी येतो, मरिया त्याचं ऐकत बसते आणि मार्था एकटीच कामात असते. ती तक्रार करते, पण येशू तिला स्वयंपाक सोड म्हणत नाही. तो तिची काळजी आणि दगदग बोलून दाखवतो. तिच्या अवस्थेसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ चहूकडून ओढलं जाणं असा होतो. हात कामात, डोळा बहिणीवर आणि मनात तक्रार, अशी ती ओढाताण. पुढे योहानाच्या 12व्या अध्यायात बेथानीलाच पुन्हा जेवण आहे, त्यांचा भाऊ लाजर पंक्तीला बसलाय, आणि मार्था तेव्हाही वाढतेच आहे. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. दोन्ही वेळा काम तेच होतं, म्हणून माझ्या मते दोष कामाचा नव्हताच. हे लेखात यायला हवं होतं.

आणि स्वतः प्रभूला तरी निवांतपणा कुठे मिळत होता? मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला जातो, तर शिमोन आणि सोबतचे शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणून. याईर नावाच्या माणसाच्या मरणाला टेकलेल्या मुलीकडे निघाला, तर वाटेत रक्तस्रावाने पिडलेली बाई वस्त्राला शिवते. तो थांबतो, तिच्याशी बोलतो. तिला त्याने अडथळा मानलं नाही. तुमच्या सासूबाईंची हाकही मी व्यत्ययात धरणार नाही. तुम्ही धरली असेल तर ती माझ्या लेखामुळे, आणि ते मनातून काढून टाका.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. सासूबाईंची हाक आणि फोनची टिंग या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात, एकाच पारड्यात टाकल्यात. तिथे मला पटत नाही. हाकेमागे माणूस असतं. टिंगमागे बहुतेक वेळा कुणालाच आपली गरज नसते, तरीही हात जातो. वडिलांजवळ बसलेली असतानाही माझा जायचा. त्या वेळी मी देवाजवळही नसायची आणि त्यांच्याजवळही.

'दिवसभराचं कामच माझी प्रार्थना' हे तुमचं म्हणणं मला आवडलं, पण ते आपोआप होत नाही. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेली या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. आधी सैनिक, मग मठाच्या स्वयंपाकघरात. त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खणखणाटातही ते देवाच्या सान्निध्यात राहायला शिकले. पण त्यात सुरुवातीची सुमारे 10 वर्षं फार जड गेली, असं त्यांनीच सांगितलंय. मन भटकलं की ते स्वतःला कोसत बसत नसत, परत वळत. आणि मठाच्या ठरलेल्या प्रार्थनाही त्यांनी सोडल्या नव्हत्या. राहुरीकडची माझी आजी कांद्याची खुरपणी करताना रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायची. तिला अर्धा तास कधी मिळाला नसेल, पण रात्री दिवा मालवण्याआधी 'आमच्या बापा' ही प्रभूची प्रार्थना म्हटल्याशिवाय ती पडली नाही.

म्हणून पहाटेचा अर्धा तास मी मागे घेते, पण थोडं काहीतरी ठरलेलं असू द्या. बायबलमधला नहेम्या, पारसच्या राजाचा प्यालेबरदार, राजासमोर उभा होता. तुझी काय मागणी आहे, असं राजाने विचारलं. त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, मग तोंड उघडलं. एका श्वासाची प्रार्थना. दुसरा डबा बंद करताना, सासूबाईंची कूस बदलताना, लोकलमध्ये टेकायला जागा मिळाली की फोन काढण्याआधी. या तीनपैकी एकच जागा निवडा, आणि रोज तीच ठेवा.

लेखातला दार लावण्याचा परिच्छेद आज बदलतेय. रविवारी उपासनेत सासूबाईंसाठी प्रार्थना करेन. त्यांचं नाव इथे जाहीर लिहू नका, मला निरोपात कळवा.