सत्तरी ओलांडलेल्यांच्या आयुष्मान कार्डाबद्दल खुलासा

नाशिकच्या पंचवटी-सिडकोतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की आरोग्य शिबिरात फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्या ज्येष्ठांचंच आयुष्मान कार्ड (सरकारी योजनेतून रुग्णालयात मोफत उपचारांसाठीचं कार्ड) निघतं आणि त्याला पैसे लागतात. दोन्ही गोष्टी चूक आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मोफत मिळतं. खासगी विमा असला तरी चालतो. वय आधारवरून धरतात. आजींच्या झिजलेल्या बोटांचा ठसा उमटला नाही तरी मागे फिरू नका. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, चेहऱ्यावरूनही ओळख पटते. मोबाइल मात्र सोबत न्या, तो बहुतेकदा मुलाच्या खिशात असतो. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, १४५५५ वर कळवा.